तपासणी झाली, पुढे काय?
शाळकरी मुलांचे आरोग्य आणि आपण सभासद



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, बेणे, खत आणि पाणी यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पण गटागटांतून फिरताना बांधावर उभे राहून जे बोलणे होते, त्यातले निम्मे उसाचे असते आणि निम्मे घरातल्या पोराबाळांचे. "खोडवा बरा फुटलाय साहेब, पण थोरलीला सारखी चक्कर येती." "पोरगं रोज शाळेत जातं, पण फळ्यावरचं काय त्याच्या डोक्यात शिरत न्हाय." असे सभासद सहज बोलून जातात आणि पुन्हा बोलणे हुमणीवर येते. या लेखात त्या दुसऱ्या निम्म्याविषयी चार गोष्टी मांडावयाच्या आहेत. मी डॉक्टर नाही. परंतु तपासणी, अहवाल आणि त्यानंतरची अंमलबजावणी हा माझा रोजचा धंदा आहे, आणि शाळेतल्या मुलांच्या आरोग्याचे घोडे नेमके तिथेच अडले आहे.

माती परीक्षण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. नमुना घेतला, प्रयोगशाळेत दिला, अहवाल आला. त्यात लिहिले आहे की सेंद्रिय कर्ब कमी, जस्त कमी. तो कागद घडी करून फळीवर ठेवला आणि खत शेजाऱ्याने टाकले तेच टाकले, तर परीक्षणाने जमिनीला काय मिळाले? शाळेत डॉक्टरांचे पथक येते, पोरांचे वजन-उंची होते, डोळे, दात, कान बघितले जातात आणि काही पोरांच्या हातात चिठ्ठी पडते : 'पुढील तपासणीसाठी रुग्णालयात न्यावे.' ही चिठ्ठी दप्तरात जाते, दप्तरातून खुंटीवर जाते आणि पावसाळ्यात भिजून तिचा लगदा होतो. तपासणी होते, पाठपुरावा होत नाही. शाळेच्या आरोग्यसेवेतले खरे काम या पाठपुराव्याचे आहे.

ही गोष्ट जगाला कशी कळली

पाठपुराव्याचे महत्त्व प्रथम ठळकपणे दिसले ते अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात. तिथल्या शाळांत डॉक्टर तपासणी करीत आणि डोळे आलेली, खरूज, गजकर्ण किंवा डोक्यात उवा झालेली मुले घरी पाठवीत. हेतू चांगला होता, रोग पसरू नये. पण घरी गेलेल्या मुलाला औषध कोण देणार? आईबाप परदेशातून आलेले गरीब कामकरी. डॉक्टरची चिठ्ठी कित्येकांना वाचताही येत नसे. मूल शाळेबाहेर, औषधाशिवाय, गल्लीत खेळत राही. आणि ज्या पोरांपासून त्याला दूर ठेवले, त्यांच्यातच संध्याकाळी मिसळे.

१९०२ च्या ऑक्टोबरात लिलियन वॉल्ड या समाजसेवी परिचारिकेने आपल्या संस्थेतली लीना रॉजर्स नावाची परिचारिका चार शाळांसाठी एक महिना देऊ केली. लीनाबाईंनी काय केले? शाळेतच जखमा धुतल्या, मलम लावले आणि शाळा सुटल्यावर मुलांच्या घरी जाऊन आईला औषध कसे लावायचे ते दाखवले. सप्टेंबर १९०२ मध्ये त्या शहरात आजारपणामुळे शाळेतून घरी पाठवलेल्या मुलांची संख्या दहा हजारांवर होती. पुढल्या सप्टेंबरात ती अकराशेच्या आसपास आली. शाळेत डॉक्टर आधीपासूनच येत होते. घरापर्यंत जाणाऱ्या परिचारिका त्यात वाढल्या, आणि एका वर्षात एवढा फरक पडला.

आपल्या मुलखाला हे नवे नाही

आपल्या देशात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम बडोदे शहरात १९०९ साली झाली. १९४६ च्या भोर समितीने शालेय आरोग्यसेवेची गरज मांडली. १९६० साली केंद्र सरकारने श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्य समिती नेमली. म्हणजे कागदावर हा विषय शंभर वर्षांहून जुना आहे.

पण कागद बाजूला ठेवला, तरी आपल्या सातारा-सांगलीच्या मातीला शिक्षण आणि शुश्रूषा यांचे नाते कुणी शिकवायला नको. सावित्रीबाई फुले यांचे माहेर खंडाळा तालुक्यातले नायगाव. जोतिरावांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. याच बाई १८९७ च्या प्लेगात, साठी उलटल्यावर, मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर उघडलेल्या दवाखान्यात आजाऱ्यांना आणीत होत्या. प्लेग झालेल्या एका पोराला त्यांनी पाठीवर घालून आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. जिने आपल्या बायकांच्या हातात पाटी दिली, तिनेच शेवटी आजारी लेकराला पाठीवर घेतले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटात अन्न पडावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. उपाशी पोराला अक्षर शिकवता येत नाही, हे त्या माउलीला कुठल्याही समितीच्या अहवालाशिवाय कळले होते.

आणि मिरज! १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथे मिशनचे रुग्णालय उभारले. मिरजेत शिकलेल्या परिचारिका पुढे दूरदूरच्या दवाखान्यांत गेल्या. परिचारिका तयार करणारा हा मुलूख. पण आपल्या गावच्या बहुतेक शाळांत मात्र परिचारिका नाही. म्हणून जे काम तिने केले असते, ते कुणी कसे वाटून घ्यायचे, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

आज शाळेत काय मिळते

पुष्कळ पालकांना याची पुरती माहिती नसते म्हणून थोडक्यात देतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची यात तपासणी होते. जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, आजार आणि वाढीतील दिरंगाई असे चार गट धरून सुमारे ३० प्रकारचे दोष शोधले जातात. फिरत्या पथकात दोन डॉक्टर (एक पुरुष, एक स्त्री), एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे चौघे असावेत, अशी रचना आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे. दोष आढळला तर पुढची तपासणी आणि उपचार, गरज पडली तर शस्त्रक्रियासुद्धा, विनामूल्य. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय ही आपली मोठी सरकारी ठिकाणे आहेत.

याशिवाय शाळेतून जंताची गोळी मिळते, लोहाची साप्ताहिक गोळी मिळते, दुपारचा शिजवलेला आहार मिळतो. २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची केंद्राची योजनाही आहे.

एवढी सगळी सोय असून पोरगं मागे का राहतं? त्याची तीन-चार उदाहरणे बघू.

चष्मा : 'बिलावर बघू'

तिसरी-चौथीतले पोर फळ्याजवळ जाऊन लिहून घेते, वही नाकाला लावते, डोळे बारीक करून बघते. गुरुजींना वाटते खोडकर आहे, बापाला वाटते मन नाही. वर्षभरात ते 'ढ' ठरते. खरे तर त्याला फळा धूसर दिसत असतो. ६ मीटर, म्हणजे साधारण २० फुटांवरून तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावली की पाच मिनिटांत हे कळते. शिक्षकसुद्धा हे करू शकतात.

पथक हे शोधून काढते आणि चिठ्ठी देते. पुढे घरी काय होते? "उसाचं बिल निघालं की चष्मा करू." बिल निघते, त्यातून सोसायटी वळती होते, खताची उधारी जाते, आणि चष्मा पुढल्या बिलावर जातो. दोन वर्षे गेली, म्हणजे पोराचे दोन वर्षांचे शिक्षण गेले. सभासदांनी ध्यानात घ्यावे की शाळकरी मुलांना सरकारी कार्यक्रमातून चष्मा फुकट मिळण्याची सोय आहे. मागणी मात्र आपण केली पाहिजे. आणि चष्मा मिळाल्यावर "पोरीला चष्मा लागला, आता लग्न कसं जमायचं" म्हणून तो पेटीत ठेवू नये. चष्मा न लावल्याने नंबर जात नाही. पुस्तक मात्र हातातून जाते.

घसा दुखतो, आणि काळजाला लागते

दुसरे उदाहरण जास्त गंभीर आहे. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना घशाचा एक विशिष्ट जंतुसंसर्ग होतो. ताप येतो, गिळताना दुखते, चार दिवसांत बरे वाटते. पण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येऊन सांधे सुजतात. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर असे दुखणे फिरते. घरचे म्हणतात, "वाढीचं दुखणं आहे, तेल लावा." हा सांधेज्वर असू शकतो. सांधे बरे होतात, परंतु हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होण्याचा धोका राहतो. पुढे तेच पोर विशीत जिना चढताना धापा टाकते, किंवा पहिल्या बाळंतपणात लेकीचा जीव धोक्यात येतो.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. घशाच्या दुखण्याला वेळेवर डॉक्टरी औषध, आणि एकदा सांधेज्वर झालाच तर पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे. दोन-चार इंजेक्शने नव्हेत, वर्षानुवर्षे. यात पोराला बरे वाटत असताना त्याला दवाखान्यात न्यावयाचे असते, आणि सगळी गोम तिथे आहे. दुखत असेल तर बाप मध्यरात्रीही गाडी काढतो. दुखत नसताना तारीख पाळणे अवघड. त्या दिवशी नेमकी लाइटची पाळी असते, पाणी धरायचे असते, नाहीतर टोळी फडात आलेली असते. शाळेत परिचारिका असती तर तिने वहीत तारीख बघून आठवण केली असती. ती नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी ही वही ठेवली पाहिजे.

चक्कर येणारी मुलगी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ मुलींत रक्त कमी आढळले. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक निघाले. आपला बागायती पट्टा आहे, घरात दूधदुभते आहे, तेव्हा हे आपल्या घरचे नाही असे समजू नये. दूध डेअरीला जाते, भाजी बाजारला जाते आणि पोरगी सकाळी चहा-बटरवर शाळेला जाते, अशी घरे मी रोज बघतो.

रक्त कमी असण्याची खूण म्हणजे दम लागणे, पापणीच्या आतला भाग फिका दिसणे, अभ्यासात लक्ष न लागणे, सारखी झोप येणे. यासाठी शाळेतून १० वर्षांवरील मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक अॅसिडची निळी गोळी देतात. लहान मुलांची गोळी गुलाबी असते. ही गोळी जेवणानंतर घ्यायची. सोबत किंवा लगेच चहा नको. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगले लागते. शौचाला काळसर होते, कधी थोडे मळमळते. त्याने घाबरण्याचे कारण नाही. पण ही चार वाक्ये घरी कुणी सांगितलेली नसतात, म्हणून पोरी गोळी खिडकीतून टाकतात आणि रजिस्टरवर मात्र 'गोळी दिली' असे लागते.

गुळाविषयी एक शब्द. गुळात काही प्रमाणात लोह असते हे खरे. पण नुसत्या गूळ-शेंगदाण्याने कमी झालेले रक्त भरून येत नाही. आपण गूळ-साखरवाले असलो तरी खरे ते सांगितले पाहिजे. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी, नाचणी, आणि खाणाऱ्यांनी अंडी-मटण; आणि त्यावर गोळी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पाळीच्या चार दिवसांत शाळेत पाणी नाही, दाराला कडी असलेले स्वच्छतागृह नाही, म्हणून मुली घरी राहतात. महिन्याचे चार दिवस धरले तर वर्षभरात महिन्याभराची शाळा बुडते. पुरुषमाणसांना हा विषय काढायला संकोच वाटतो, मलाही लिहिताना वाटला. पण कडी आणि पाण्याची टाकी या गोष्टी संकोचाच्या नाहीत. त्या ग्रामपंचायतीच्या आणि आपल्या आवाक्यातल्या आहेत.

अनवाणी पाय आणि जंत

रक्त कमी होण्याचे दुसरे कारण जंत. अंकुशकृमी नावाचा जंत ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. ओली, सावलीची जमीन त्याला मानवते, आणि पाटाच्या कडेला उघड्यावर शौचाला बसण्याची सवय त्याला खाद्य पुरवते. म्हणजे आपल्या उसाच्या शेतात अनवाणी हिंडणारे पोर हे त्याचे हक्काचे घर. १ ते १९ वर्षांच्या सर्वांना वर्षातून ठरलेल्या दिवशी अल्बेंडेझोलची गोळी दिली जाते. ती चावून खायची. त्या दिवशी पोर गैरहजर असेल तर नंतरच्या राहिलेल्यांच्या दिवशी आवर्जून पाठवावे. गोळीबरोबर पायात चप्पल, घरात संडास आणि जेवणाआधी साबण, ही तिन्ही हवीत. नाहीतर जंत बाहेर काढायचे आणि पुन्हा आत घ्यायचे, असा खेळ चालतो.

दात : घरचा आहेर

साखर कारखान्याच्या अंकात हे लिहिताना हसू येते, पण लिहितो. दात किडण्याचे मोठे कारण साखर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की दिवसभराच्या अन्नातून मिळणाऱ्या उष्मांकात वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आला तर अधिक चांगले. मोठ्या माणसाच्या मानाने हे पाच टक्के म्हणजे साधारण सहा चमचे. सभासदांची सवलतीची साखर घरात आहे म्हणून ती पोरांच्या पोटातच संपवली पाहिजे असे नाही. पाहुणेरावळे आहेत, सण आहेत. रात्री झोपताना दात घासण्याची सवय लावावी आणि पेपरमिंट-चॉकलेट कमी करावे, एवढे पुरे.

पाणी

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-वारणाकाठची कित्येक गावे पाण्याखाली गेली. अशा वेळी शाळेची टाकी, विहीर, नळाची लाइन सगळे दूषित होते. पूर ओसरल्यावर शाळा सुरू करण्यापूर्वी टाकी घासून धुणे, टी.सी.एल. पावडर टाकणे आणि पाण्याचा नमुना तपासून घेणे ही तीन कामे झाली की नाही, हे पालकांनी विचारले पाहिजे. पूर नसतानाही जूनमध्ये शाळा उघडताना हीच तीन कामे करावीत. वर्गातली पाच-सहा पोरे एकाच आठवड्यात जुलाब किंवा काविळीने घरी बसली, तर ते पाण्याचे लक्षण समजून त्याच दिवशी आरोग्य उपकेंद्राला कळवावे.

फडातली पोरं

आता ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः लेखणी उचलली, त्याकडे येतो.

दरवर्षी गाळप हंगामात बीड, अहिल्यानगर, जत, आटपाडी, माण अशा भागांतून टोळ्या येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पण कोयत्याबरोबर पोरंही येतात, आणि ती आपल्या कुठल्याच नोंदीत नसतात. दिवाळीच्या सुमारास ती गाव सोडतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत जातात. म्हणजे शाळेचे निम्मे वर्ष. त्यांच्या गावच्या शाळेत पथक येते तेव्हा ती आपल्या फडात असतात. आपल्या गावच्या शाळेत पथक येते तेव्हा त्यांचे नाव आपल्या पटावर नसते. दोन्हीकडून सुटलेले पोर!

ही पोरं पहाटे आईबापाबरोबर उठतात, थंडीत फडाच्या कडेला पाचटाच्या शेकोटीशी बसतात. थोरली पोरगी धाकट्याला सांभाळते. पाणी मिळेल ते. लसीचा एक डोस गावी झालेला असतो, पुढचा राहून जातो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यावयाच्या धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे तर नावच नको. आणि कोयता, पाचट, गंजलेली तार यांच्यातच तर ही पोरं वावरतात.

पूर्वी काही कारखान्यांच्या आवारात या मुलांसाठी साखर शाळा चालल्या. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यानुसार अशा मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत घेतलेच पाहिजे. कागदपत्र नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही. शाळेच्या पटावर नाव आले की तपासणी, गोळी, दुपारचा आहार सगळे आपोआप पाठोपाठ येते. पहिली पायरी नाव लागण्याची.

इथे आपल्या शेतकी खात्याला एक सोपे काम करता येईल. टोळी आली की आपण मुकादमाचे नाव, कोयत्यांची संख्या, गट आणि वाहन यांची नोंद करतोच. त्या नोंदीत एक रकाना वाढवावा : 'सोबतची मुले, वय, लसीचे कार्ड आहे की नाही.' ही यादी पहिल्या आठवड्यातच त्या गावच्या मुख्याध्यापकांना आणि आशाताईंना द्यावी. खर्च एका कागदाचा. ज्या सभासदाच्या रानात टोळी उतरली आहे त्यांनी शाळा किती लांब आहे, पोरं तिथे जातात का, एवढे मुकादमाला विचारावे. मालकाने विचारले की मुकादम ऐकतो, हा आपला अनुभव आहे. या पोरांच्या आईबापांनी कोयता चालवला, तरच आपल्या उसाचा पैसा होतो. हे विसरून चालणार नाही.

वाहने आणि औषधे

दोन धोक्यांचा नुसता उल्लेख करतो. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी उसाच्या ट्रॉल्या गावातून सावकाश न्याव्यात, मागे लाल परावर्तक असावेत आणि चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढणाऱ्या पोरांना प्रत्येक जाणत्या माणसाने हटकावे. दुसरे, कीडनाशके आणि तणनाशके कुलपात ठेवावीत. रिकाम्या बाटलीत पाणी-तेल कधीही भरू नये. सर्पदंश झाला तर आवळून बांधणे, चिरा देणे, मंत्र घालणे यात वेळ न दवडता, पाय न हलवता, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

सभासदांनी काय करावे

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असतात. म्हणजे सत्ता आपल्याच हाती आहे. सोसायटीच्या निवडणुकीला आपण जितका जीव टाकतो, त्याच्या दहावा हिस्सा या समितीकडे दिला तरी पुष्कळ होईल. माझ्या सूचना अशा :

१) प्रत्येक शाळेत एक 'पाठपुरावा वही' ठेवावी. पथकाने चिठ्ठी दिलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, काय दोष, कुठे न्यायचे, कधी नेले, काय झाले, असे पाच रकाने.

२) या वहीची जबाबदारी समितीतल्या एका वाचता-लिहिता येणाऱ्या भगिनीने घ्यावी. आशाताई आणि उपकेंद्राच्या आरोग्य सेविका यांना सोबत घेऊन तिने चिठ्ठी मिळालेल्या घरी स्वतः जावे. लीनाबाईंनी जे केले ते हेच.

३) रुग्णालयाची तारीख ठरली की गावातली पाच-सात मुले एकाच दिवशी, एकाच गाडीतून न्यावीत. ज्यांच्याकडे जीप-मोटार आहे त्या सभासदांनी पाळीपाळीने एक फेरी द्यावी. एका बापाचा दिवस मोडेल, सहा जणांचा वाचेल.

४) पथक येण्याची तारीख मुख्याध्यापकांकडून आधी विचारून घ्यावी. त्या दिवशी आईने शाळेत हजर राहावे. डॉक्टर काय म्हणाले ते पोर घरी येऊन नीट सांगू शकत नाही.

५) समितीच्या मासिक सभेत पहिला विषय म्हणून ही वही वाचावी. तीन महिने एकच नाव उघडे राहिले, तर कारण विचारावे.

६) गोपनीयता पाळावी. कुणाच्या मुलीला काय झाले याची चर्चा चावडीवर नको. वही कपाटात राहील, गप्पांत येणार नाही, हे पथ्य पहिल्या दिवसापासून असावे.

यातल्या एकाही कामाला मोठा पैसा लागत नाही. लागतो तो नेटाने लक्ष ठेवणारा माणूस. आडसाली उसाला आपण दीड वर्ष जपतो, रात्री बेरात्री उठून पाणी धरतो. पोराच्या आरोग्याला तेवढी चिकाटी लावली, तर सरकारी तपासणीतून निघालेला प्रत्येक कागद कुठेतरी पोचेल.

येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक गटाच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि आपल्या गावची वही कोण सांभाळणार त्या भगिनीचे नाव ठरवावे, असे नम्र आवाहन आहे. गट कार्यालयात येताना ते नाव सांगा. ऊसतोड टोळ्यांच्या मुलांची यादी त्यांच्यापर्यंत पोचवण्याचे काम शेतकी खात्याची माणसे करतील, यासाठी माझा प्रयत्न राहील.

— ऊस विकास अधिकारी